गाण्यातून निसटलेली नाममुद्रा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गीतलेखनातील करिअरविषयी जो लेख आला, तो मी दोनदा वाचला, कारण माझा एक माजी विद्यार्थी त्याचे कात्रण खिशात घालून सकाळीच माझ्या दारात येऊन उभा होता. भाषेवर पकड हवी, भरपूर वाचन हवे, सुरांची जाण हवी, मुंबई-पुण्यात चार ओळखी हव्यात, असे सगळे त्या लेखात आले आहे आणि त्यातले काहीही खोटे नाही. मात्र ज्या गोष्टीवर गीतकाराचा संसार उभा राहतो किंवा आडवा होतो, म्हणजे गाण्याखाली त्याचे नाव टिकणे आणि त्या नावावर त्याला पैसे येत राहणे, तिच्याविषयी लेखात एक ओळही नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागल्यास माझ्या स्वतःविषयीचा भाग आधी कापावा.

मी भिलवडीत राहतो. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. नोकरीत असताना आणि नंतरही, कधी हौसेने व कधी पैशासाठी, गाणी लिहिली. त्यातली फार थोडी लोकांपर्यंत गेली आणि जी गेली ती माझ्या नावाने गेली नाहीत. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच आहे.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णा कुलकर्णी गावचे कुलकर्णीपण सोडून तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्या ज्यांनी फडावर ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव घालून ठेवतो. ‘तुका म्हणे’ आणि ‘एका जनार्दनी’ हीच ती रीत. जुने लोक तिला नाममुद्रा म्हणत. गाणारी कोणीही असो, ढोलकीवर कोणीही बसलेला असो, शेवटचे कडवे म्हणायचे तर कवीचे नाव घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ते गाळले तर यमकच लंगडे पडायचे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्या प्रेक्षकालाही लावणी कोणाची हे घरी जाताना ठाऊक असे. करार नव्हता, कायदा नव्हता, पण दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणाऱ्याला निदान एक नवे कडवे जुळवण्याचे कष्ट घ्यावे लागत. पुढे नाटकात आणि मग चित्रपटात गाणे एखाद्या पात्राच्या तोंडी आले. खिडकीत वाट पाहणाऱ्या नायिकेने शेवटी कवीचे नाव घ्यावे, हे कोणाला रुचले नसते; म्हणून नाममुद्रा गळाली, आणि कलेच्या दृष्टीने ती गळायलाच हवी होती. पण तिने शेकडो वर्षे जे काम केले, ते यापुढे कोणी करायचे, हे मात्र कोणी ठरवले नाही.

काही दशके ते काम आकाशवाणीने केले. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पहाटे चुलीपुढे बसून ती सांगली केंद्र ऐके आणि गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे सांगितली जात असल्यामुळे पी. सावळाराम हे नाव तिच्या कानावर रोज पडे. ‘येडेनिपाणीचं हायती ते,’ असे ती शेजारणीला सांगायची, जणू काही दोन घरे पलीकडे राहतात. निवृत्तिनाथ रावजी पाटील हे त्यांचे मूळ नाव, वाळवा तालुक्यातले येडेनिपाणी हे गाव; पुढे ते ठाण्यात स्थिरावले आणि तेथील नगराध्यक्षही झाले. वसंत प्रभू यांच्या चालीवरील त्यांच्या सासुरवाशिणीच्या गाण्यावाचून एके काळी आमच्या भागात लेकीची पाठवणी होत नसे. तेच गाणे आज मोबाइलवर लावून पाहा. गायिकेचे छायाचित्र मोठे दिसते, कंपनीचे चिन्ह दिसते, आणि ते शब्द कोणाचे हे शोधण्यासाठी दोन-तीन ठिकाणी बोट लावावे लागते. पुष्कळदा तिथेही जागा रिकामी असते. आईला अक्षर येत नसून जे माहीत होते, ते माझ्या पदवीधर नातवाला माहीत नाही. यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही.

ही तक्रार केवळ आमच्यासारख्या खेड्यातल्या हौशी माणसांची असती तर मी गप्प बसलो असतो. २०२० साली हिंदी चित्रपटसृष्टीतल्या नावाजलेल्या पंधरा गीतकारांनी एकत्र येऊन ‘क्रेडिट दे दो यार’ असे गाणेच तयार केले आणि गाण्यांच्या अॅपवर आमचे नाव द्या, अशी जाहीर मागणी केली. ज्यांचे शब्द सारा देश गुणगुणतो त्यांना नावासाठी गाणे रचून विनवणी करावी लागते, तिथे आटपाडीच्या किंवा खटावच्या पोराचे काय होत असेल, याची कल्पना यावी.

आणखी एक उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले. कोणत्याही शाळेत जाऊन हे गाणे कोणाचे असे विचारले तर ‘शाहीर साबळे यांचे’ हे उत्तर येते. शाहीर आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील, वाईजवळच्या पसरणीचे. त्यांच्या खड्या आवाजानेच ते गाणे घराघरांत गेले, याविषयी दुमत नाही. चाल श्रीनिवास खळे यांची आहे. पण ज्या शब्दांसाठी आपण सावधान उभे राहतो ते राजा बढे यांचे आहेत, हे किती शिक्षकांना सांगता येईल? मी स्वतः सेवेत असताना आशा भोसले यांचा जन्म सांगलीतला, हे मुलांना फार अभिमानाने सांगत असे. त्याच फळ्यावर पी. सावळाराम यांचे नाव मी किती वेळा लिहिले, हे आठवू लागलो की ओशाळायला होते.

आता माझी गोष्ट. १९९७ च्या सुमारास दत्तभक्तीच्या कॅसेटला बरी मागणी होती. औदुंबर आमच्या जवळच, त्यामुळे लहानपणापासून पालखीतली पदे कानावर होतीच. एका ओळखीच्या गायकाने सुचवले म्हणून मी आठ गाणी लिहून दिली. कॅसेट काढणाऱ्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मला अकराशे रुपये मिळाले आणि एका छापील पावतीवर सही घेतली गेली. ‘आठ गीतांचे मानधन पोचले, तक्रार नाही’ एवढाच मजकूर तिच्यावर होता. त्या काळी अकराशे रुपये मला पुष्कळ वाटले आणि सही करताना माझा हात किंचितही अडखळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कॅसेट हातात आली तेव्हा वेष्टनावर गायकाचे छायाचित्र होते, संगीत संयोजकाचे नाव होते आणि ‘गीत’ या शब्दापुढे ‘पारंपरिक’ असे छापलेले होते. मी पत्र पाठवले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असे उत्तर आले. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा ‘गीत’ हा शब्दच काढून टाकलेला होता.

दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला औदुंबरला गेलो असताना घाटाच्या वरच्या बाजूला मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह भरून देणाऱ्या एका दुकानात त्या आठांपैकी एक गाणे मोठ्याने लागले होते. त्यात पुराने बुडालेल्या पायऱ्यांचे वर्णन आहे आणि दुसऱ्या अंतऱ्यात भिलवडी स्टेशनावरून येणारी एस. टी.ची लाल गाडी आहे. मी त्या मुलाला हे गाणे कोणाचे, असे विचारले. तो म्हणाला, ‘आजोबा, लय जुनं हाय, कुणा संताचं असंल.’ मी पेढे घेतले आणि घरी आलो. ज्या गाण्यात लाल गाडी धावते ते पारंपरिक कसे, हा प्रश्न कॅसेट काढणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि अठ्ठावीस वर्षे ऐकणाऱ्यांना कधी पडला नाही, याचे मला आज दुःखापेक्षा नवलच अधिक वाटते. औदुंबरचेच कवी सुधांशु यांचे ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ हे गीतसुद्धा बहुतेक भाविक गायक आर. एन. पराडकर यांचे म्हणूनच ओळखतात. माझी तक्रार त्यापुढे कितीशी!

विद्यार्थ्याकडे वळतो. तो पलूस तालुक्यातल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे आणि रात्रपाळी संपवून गाणी लिहितो. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या पट्ट्यात सध्या यूट्यूबसाठी गाणी तयार करणाऱ्यांची मोठी लाट आहे. ड्रोनवाला असतो, नाचणारी मुले-मुली असतात, उसाच्या फडात किंवा बंधाऱ्यावर चित्रीकरण होते, आणि या सगळ्याचे पैसे आधी चुकते करून उरलेच तर गीतकाराचा विचार होतो. त्याला सहसा ‘तुझं नाव होईल’ असे सांगतात. नाव होईल असे सांगून नावच न देण्याची ही युक्ती माझ्या पावतीपेक्षा पुढची आहे.

त्याने मला जी चाल ऐकवली ती त्याच्या मोबाइलवर संगीतकाराच्या आवाजात ‘ना ना ना’ आणि अधूनमधून अर्थहीन हिंदी शब्द घालून आलेली होती. या मंडळींच्या भाषेत ते डमी. ऊसतोडीच्या हंगामानंतर टोळी निघून जाते आणि मुलगी त्या टोळीबरोबर जाते, असा प्रसंग होता. मुखड्याच्या शेवटी त्याने ‘तुझ्याच पावलांची उरली वाट’ असे लिहिले होते. ओळ वाईट नाही. पण चालीत शेवटच्या अक्षरावर चार मात्रांचा ठेहराव होता आणि ‘ट’ म्हणताच तोंड बंद होते. गायक तिथे सूर ओढणार तरी कशावर? तासभर बसून आम्ही ‘उरल्या वाटा’ केले. एका कान्याने गळा मोकळा झाला, आणि एका वाटेच्या अनेक वाटा झाल्यामुळे अर्थही पसरला. दुसऱ्या एका ठिकाणी चालीचा आघात ‘पावसाळा’ या शब्दाच्या मधोमध पडत होता, त्यामुळे गाताना आधी ‘पाव’ आणि मग ‘साळा’ ऐकू येई. तो शब्दच बदलावा लागला. ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर फुटतात, म्हणून ओळीच्या सुरुवातीला ते शक्यतो ठेवू नयेत, हे त्याला ध्वनिमुद्रण करणाऱ्याने शिकवले होते. मला ते ठाऊक नव्हते.

चालीवर शब्द बसवणे म्हणजे दुय्यम काम, असे आपल्याकडे पुष्कळ कवींना वाटते आणि आपल्या लेखातही तसा सूर होता. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे १८९९ चे नाटक उघडून पाहावे. पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा उल्लेख छापलेला आढळतो. म्हणजे जो प्रकार मोबाइलवर आलेल्या डमीपुढे माझा विद्यार्थी करतो, तोच सव्वाशे वर्षांपूर्वी सांगलीच्या वेशीवर चालत होता. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा य गण, लघु-गुरू-गुरू, असे फळ्यावर लिहिले की वर्गात जांभया सुरू होत आणि ‘सर, याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला असे. मनाचे श्लोक म्हणताना ज्याचा पाय आपोआप ठेका धरतो, त्याला चालीवर लिहिणे जड जात नाही, हे उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

या कौशल्यावर घर चालते का? येथे ग. दि. माडगूळकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १ ऑक्टोबर १९१९ रोजी आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्म, शिक्षण साताऱ्याकडच्या औंधात, गणितामुळे मॅट्रिक राहिलेले. मात्रा मोजण्यात ज्यांची कधी चूक झाली नाही त्यांना गणिताने अडवावे, हा योग विलक्षणच. कोल्हापुरात येऊन त्यांनी वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून काम केले, चित्रपटांत लहान भूमिका केल्या, मग गीते, संवाद, पटकथा असे सर्व काही लिहिले. केवळ गीतांवर त्यांनाही विसंबून राहता आले नव्हते. १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीतांचे रामायण त्यांनी पुरे केले. प्रतिभेचे कौतुक सगळे करतात, पण दर आठवड्याला ठरल्या वारी गाणे सुधीर फडके यांच्या हाती पोचवण्याची शिस्त हा गीतकाराच्या व्यवसायाचा खरा कणा आहे. पलीकडे कोल्हापूरचे जगदीश खेबूडकर शिक्षकाची नोकरी सांभाळून लावण्या आणि चित्रपटगीते लिहीत राहिले. नोकरी सोडून गीतकार होऊ का, असे विचारणाऱ्याला मी हीच दोन नावे सांगतो आणि नोकरी सोडू नकोस, असे म्हणतो.

गदिमांच्या काळात आणि नंतरही बराच काळ कायदा गीतकाराच्या बाजूने नव्हता. १९५७ चा कॉपीराइट कायदा होता, आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून अस्तित्वात होती. पण निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणे लिहून घेतले तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. योगायोग असा की त्याच वर्षी १४ डिसेंबरला गदिमा गेले. पुढची पस्तीस वर्षे बहुतेक गीतकारांना एकरकमी मानधनाची पाकिटेच मिळत राहिली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. ती दुरुस्ती त्या वर्षी २१ जूनपासून लागू आहे. आता गीतकाराने हक्क विकले तरी रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापराबद्दल मिळणाऱ्या पैशातला, त्याचा वाटा विकता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. वारसांना देणे किंवा वसुलीसाठी नोंदणीकृत संस्थेकडे सोपवणे, एवढेच अपवाद. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते ते वगळून रेडिओ, दूरचित्रवाणी, अॅप, हॉटेल अशा प्रत्येक वापरासाठी हा वाटा आहे, आणि चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही तो लागू आहे. उलट करार केला तर तेवढा करार निरर्थक ठरतो. वसुलीच्या व्यवस्थेत साधारणपणे निम्मी रक्कम हक्कांच्या मालकाला आणि उरलेल्या निम्म्यात गीतकार व संगीतकार यांना सारखी, म्हणजे गीतकाराला रुपयातल्या चार आण्यांचा हिस्सा, असे वाटप होते. लग्नाच्या वरातीत बँडने गाणे वाजवले तर त्याला मात्र कायद्याने सूट आहे, त्यामुळे बँडवाल्यांनी हे पत्र वाचून घाबरू नये.

एवढा चांगला कायदा असून माझ्या विद्यार्थ्यापुढे जो कागद आला तो पाचशे रुपयांच्या स्टँपवर, पाच पानी आणि इंग्रजीत होता. निर्माता शेजारच्याच तालुक्यातला, गीतकार पलूसचा, गाणे अस्सल मराठी. करार मात्र इंग्रजीत. शब्दकोश घेऊन आम्ही दोघे ओसरीवर बसलो. एका कलमात असे होते की गीताचे सर्व हक्क संपूर्ण विश्वात आणि अनंतकाळापर्यंत निर्मात्याकडे राहतील. तीन हजार रुपयांत अनंतकाळ, आणि तोही मंगळ-गुरूसकट! ज्या अनंताला आमचे संत शरण गेले तो एवढ्या स्वस्तात मिळतो हे पाहून आम्ही हसलो. त्यापुढचे कलम मात्र हसण्यासारखे नव्हते: गीतकार कोणत्याही प्रकारची रॉयल्टी मागणार नाही, असे त्यात लिहिले होते. कायद्यापुढे ते टिकत नाही, पण सही करणाऱ्याला हे ठाऊक नसते, आणि सही घेणाऱ्याला बहुधा त्याच्या या अज्ञानाचाच भरवसा असतो. नाव कोठे व कसे द्यायचे, याविषयी पाचही पानांत एक शब्द नव्हता.

आम्ही तो कागद मराठीत नव्याने लिहून पाठवला. नाव व्हिडिओच्या सुरुवातीला, खालच्या माहितीत आणि प्रत्येक अॅपकडे पाठवल्या जाणाऱ्या तपशिलात ‘गीतकार’ म्हणून द्यावे, असे एक कलम. रॉयल्टी कायद्याप्रमाणे, असे दुसरे. आणि हक्क किती वर्षांसाठी दिले ते आकड्यात, असे तिसरे. या तिसऱ्या कलमाचे महत्त्व मला स्वतःला फार उशिरा कळले. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, असे कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते. माझ्या पावतीवर मुदत सोडा, हक्क हा शब्दसुद्धा नाही, हे तासगावच्या एका वकील मित्राने मला दाखवून दिले. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमाखाली लेखकाकडेच राहतो, हेही त्यानेच सांगितले.

बाकीची कामे रुक्ष आहेत आणि म्हणूनच कोणी सांगत नाही. गाणे लिहिताच कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण पुरावा हवा असेल तर कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंद पाचशे रुपयांत होते आणि मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या चित्रपटलेखकांच्या संघटनेकडे सभासद होऊन गीताची नोंद करता येते. वर उल्लेखलेली १९६९ ची सोसायटी २०१७ पासून पुन्हा नोंदणीकृत आहे. तिचे सभासद व्हावे लागते आणि प्रत्येक गाण्याची माहिती, वाटेकऱ्यांच्या नावांसकट, कळवावी लागते. ही माहिती दिलीच नाही तर गाणे गावोगाव वाजूनही गीतकाराच्या खात्यात काही येणार नाही, कारण पैसा कोणाचा हे व्यवस्थेला कळणार कसे? हक्क लेखकाच्या हयातीपर्यंत आणि पुढे साठ वर्षे असतो; गदिमांचा २०३७ अखेरपर्यंत, १९९७ साली गेलेल्या पी. सावळारामांचा २०५७ अखेरपर्यंत. म्हणजे बाविशीतल्या मुलाने आज केलेली सही त्याच्या नातवंडांपर्यंत पोचणार आहे.

या सगळ्यात आपल्या दैनिकाचाही थोडा वाटा आहे, हे आपण रागावणार नाही अशा विश्वासाने लिहितो. मागच्या महिन्यात जुन्या मराठी गीतांच्या एका कार्यक्रमाचा वृत्तान्त आपण दिला. गायक-गायिकांची नावे होती, तबला, ढोलकी, की-बोर्ड कोणी वाजवले ते होते, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले, सत्कार कोणाचे झाले आणि आभार कोणी मानले, तेही होते. सतरा गाण्यांचे मुखडे छापले होते आणि एकाही गीतकाराचे नाव नव्हते. बातमीदाराला जागा कमी पडली असेल तर आभारवाल्याचे नाव गाळता आले असते. माझी विनंती साधी आहे: यापुढे आपल्या पानावर गाण्याची ओळ छापली तर कंसात गीतकाराचे नाव छापावे, चित्रपटाच्या परीक्षणात ‘गाणी श्रवणीय’ असे लिहिण्याऐवजी ती कोणी लिहिली ते लिहावे, आणि करिअरच्या पुरवणीत एखाद्या वकिलाकडून मराठीतला नमुना करार लिहवून घेऊन छापावा. नाममुद्रा गाण्याबाहेर पडली आहे, तिला निदान वर्तमानपत्रात तरी घर मिळेल.

विद्यार्थ्याच्या कराराचे काय झाले, ही उत्सुकता असेल. निर्मात्याने नावाचे कलम मान्य केले, रॉयल्टीवर ‘बघू’ म्हणाला आणि तीन हजारांचे अडीच हजार केले. पोराने ते घेतले. मी त्याला अडवले नाही. गाणे या हंगामात येईल. माझ्या त्या दत्तगीतासाठी मी संबंधित अॅपकडे अर्ज केला आहे. पुरावा म्हणून पावतीची आणि वहीतल्या मूळ कच्च्या मसुद्याची छायाप्रत जोडली होती, ज्यात लाल गाडीच्या जागी आधी टांगा होता आणि तो खोडलेला आहे. उत्तर यायचे आहे. त्याच पावतीची एक झेरॉक्स या पत्रासोबत आपल्या माहितीसाठी पाठवत आहे. ती छापू नये, कारण तिच्यावर कंपनीचे नाव स्पष्ट वाचता येते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली